मेन स्विच पाडू नका

बाबा,

पेनड्राइव्ह म्हणजे मुळा नव्हे. तो उपटायचा नसतो. आणि उपटण्याआधी अख्ख्या घराचा मेन स्विच पाडायचा तर मुळीच नसतो. चाळीस वर्षं वायरमन होतात, मान्य. पण काल आईच्या रेकॉर्डिंगांबरोबर फ्रिजमधलं दूधही गेलं. रेकॉर्डिंगं मी तिसऱ्यांदा वाचवली. दुधाचं तुम्ही बघा.

यापुढे पेनड्राइव्ह सोडवायला कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत umount /mnt/aai एवढंच टाइप करा, एंटर दाबा आणि मगच हात लावा. ‘बिझी’ असं उत्तर आलं तर त्याच्याशी भांडू नका. एखादी फाइल उघडी राहिलेली असते, ती बंद करा.

मी नवी डिस्क आणायला चाललोय. तोवर तिच्या आवाजाची ही एकच प्रत आहे.

निघताना मीच पेनड्राइव्ह काढायला गेलो, तर ‘बिझी’. कोण धरून बसलंय ते शोधलं. तुमचा प्लेअर. आईच्या “अहो, ऐकताय का,” इथे थांबवलेला. आणि मला म्हणता, “मी कुठे ऐकतो ते!”

मी बंद केलेलं नाही. तिचं पूर्ण होऊ द्या, मग काढा. मध्येच तोडलेलं तिला कधी खपलंय?

— धाकटा