रेड फ्लॅगचा अर्थ

रुपाली,

तू कॉलेजातून येशील तवा आम्ही धाड गावाले गेलेलो असू. तिथला तुह्यासाठी ठरवलेला पोरगा रेड फ्लॅग आहे, असं तू म्हणत होती. मले वाटलं, लाल झेंड्याच्या पार्टीतला असन, लग्न झाल्यावर सोडन पार्टी. आज मामाच्या निशिगंधाले इचारलं. ती म्हणे, "आत्या, रेड फ्लॅग म्हणजे धोक्याचा माणूस. तो रुपालीच्या फोनचा पासवर्ड मागते, नाही देल्ला तं शिव्या देते."

तुह्या बाबाले सांगितलं. त्यायनं लगेच गाडी काढली. साक्षगंधाची साडी त्यायले वापस करून येतो, हे लग्न मोडलं.

भाकरी टोपल्यात आहेत, वांग्याची भाजी गरम करून घेजो. त्याचा फोन उचलू नको. अन् पुन्हा कधी भेव वाटलं, तं मले आपल्या बोलीत सांगत जाय.

आई