बुरुजावर घेतलेलं नाव

बेलापूर,
१३ डिसेंबर १९८३

प्रिय मुक्ता,

सकाळपासून नुसती आत-बाहेर करतेय. भात करपला, आई ओरडली, तेव्हा कुठे भानावर आले. पुण्याला नर्सिंगला जाताना तू म्हणाली होतीस, मनात साठवू नकोस, लिहीत जा. तर आता बैस निवांत, आणि चिडायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर चीड.

मी कळंबोलीचं स्थळ नाकारलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पंढरी नाव त्याचं, तळोज्याच्या कारखान्यात फिटर. बघायला आले त्या दिवशी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, गावातला फिरंग्यांच्या वेळचा बुरूज बघायचाय. बाबांना नवलच वाटलं. आपण तिथे करवंदं खायला जायचो तेवढंच, त्या पडक्या दगडांचं कुणाला कौतुक? सोबतीला आत्या दिली. पण ती टेकडीच्या पायथ्याशीच चिंचेखाली बसली. "मना ही टेकरी नाय चरवत गो, तुमीच जाऊन या," म्हणाली आणि मिशरी लावायला लागली.

बुरुजाला आता पायऱ्या उरल्या नाहीत, वडाची मुळं धरून चढावं लागतं. तो आधी चढला आणि त्याने मला हात दिला. खरं सांगते मुक्ता, तो हात मला आवडला. खाली खाडीला भरती लागली होती. सरकारने घेतलेल्या आपल्या शेतांवर ट्रक मुरूम ओतत होते, नेरूळच्या बाजूला नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते. आमचा बांध कुठे होता ते मी त्याला दाखवत होते, पण त्याचं लक्षच नव्हतं. ढासळलेला एक दगड पायाने हलवत तो एकदम म्हणाला, "तुमी नाय म्हना. माजं दुसरीकडं जमलंय." तिचं नाव जाई. घर बौद्ध, जालन्याकडून आलेलं. ती त्याच्याच कारखान्यात पॅकिंगला. त्याने नकार दिला तर घरचे कारण शोधत तिच्या दारात जातील, ही त्याची भीती. "थोडे महिने मिळाले तं रजिस्टर लग्न करू." त्याच्या कपाळावर घाम होता. मी बरं म्हटलं.

घरी येऊन मुलगा पसंत नाही एवढंच सांगितलं. तेव्हापासून बाबा माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. आत्या गावभर सांगत फिरते, पोरीचं डोकं फिरलंय. मी सगळं गिळलं. म्हटलं, त्या दोघांचं तरी मार्गी लागेल. आणि गेल्या महिन्यात कळलं, पंढरीचा उलव्याच्या मुलीशी साखरपुडा झाला. बापाने विष घेईन म्हणून धमकावलं आणि हा गडी मान खाली घालून पाटावर बसला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. राग नेमका कुणाचा येतो, तेही कळत नाही.

काल दुपारी जाईच दारात उभी, माझं नाव-गाव तिला पंढरीकडून कळलेलं. नशीब, घरात कुणी नव्हतं. सावळी, माझ्याच वयाची. पाण्याचा तांब्या नुसता हातात धरून राहिली. "त्यानं खरंच सांगितलं व्हतं तुमाला? माझं नाव घेऊन?" मी हो म्हटलं. "मोठ्यानं?" बुरुजावर आम्ही दोघंच होतो, पण हो, अगदी स्पष्ट, असं सांगितलं. ती जराशी हसली. "मंग तेवढंच," म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या भावाला सगळं कळलंय. त्याने तिचं काम सोडवलं. आता गावी नेऊन एका बिजवराशी लग्न लावून देणार आहे.

म्हणून हे पत्र. तुमच्या हॉस्पिटलात आयांची गरज असते, असं तू लिहिलं होतंस. तिच्यासाठी बोलून ठेव, आणि तुझ्या खोलीत जागा कर. ती रविवारी सकाळी पनवेलच्या स्टँडवर येणार आहे, तिथून एस.टी.ने पुण्याला येतोय. हो, आम्ही दोघी येतोय. तिला फक्त गाडीत बसवून द्यायचं ठरवलं होतं मी. पण तिच्यासाठी कपडे काढता काढता माझ्याही दोन साड्या पिशवीत गेल्या, आणि त्या मला परत बाहेर काढवेनात. आईला सांगणार आहे, बाबांना सांगायची हिंमत नाही. तू नको म्हणालीस तरी तुझं उत्तर इथे पोहोचायच्या आत आम्ही दोघी तुझ्या दारात असू.

तुझीच, निघालेली,
सगुणा