पट्टेवाल्याचं नवीन व्हर्जन

६ नोव्हेंबर, गुरुवार

आलं! पट्टेवाल्याचं नवीन व्हर्जन आलं! दात घासता घासता मोबाईलवर बघितलं आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून कॉम्प्युटर चालू केला. खोलीतला जोडीदार एहसान म्हणाला, "आधी थुंकून तरी ये."

पट्टेवाला म्हणजे माझं गाणं करायचं सॉफ्टवेअर. खरं नाव इंग्रजीत आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. उघडलं की नुसते आडवे पट्टे — एक हलगीचा, एक बँजोचा, एक झांजेचा. म्हणून पट्टेवाला. फुकट मिळतं. कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, देहूरोडच्या कॉम्प्युटरवाल्या नुमानने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून जिवंत केला. म्हणाला, "ह्याला पैसे लागत नाहीत. फक्त धीर लागतो." नेमका तोच माझ्याकडे नाही!

बनवणारी माणसं कुठल्या कुठल्या देशातली. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, डोक्यावर सुपरवायझर नाही — तरी सारखा नवीन माल बाहेर! आमच्या प्रेस शॉपला सगळं असून रोज टार्गेट चुकतं.

नवीन काय आहे ते मोबाईलला मराठीत विचारलं. तो म्हणाला, "या आवृत्तीत बरेच किडे मारले आहेत." सॉफ्टवेअरमधल्या चुकांना इंग्रजीत किडे म्हणतात म्हणे. एहसान लगेच — "मग खोलीतल्या ढेकणांसाठी पण एक व्हर्जन मागव."

सुट्टीचा दिवस असाच गेला. गाणं जिथे होतं तिथेच.

८ नोव्हेंबर

शिफ्टवरून येताना मोशीत ज्योतीरामभाऊंच्या शेडपाशी उतरलो. त्यांची साउंडची गाडी आहे. वरात, हळद, सगळं. वीस वर्षं हाच धंदा. मिक्सरवर बसायला माणूस पाहिजे असं ऐकलं होतं. म्हणलं, भाऊ, मला येतं.

"बोलू नगं. वाजवून दाव. हळदीला वाजंल आसं येक गानं आन डिसेंबर लागला की. चांगलं आसंल तर मिक्सरवर तू. न्हाईतर हायेच तुजं पत्रं दाबनं."

पत्रं दाबणं! लागलं मनाला. पण खोटं काय बोलले? प्रेस खाली येते — धाड. पत्रा काढ, दुसरा लाव — धाड. आठवीतून उठलो, गंगाखेड सोडून चाकणला आलो, ते काय जन्मभर धाड-धाड करायला? नाही. मिक्सरवर बसायचं. बोटाने एक खुंटी वर केली की अख्खी वरात नाचली पाहिजे.

एहसानला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू गाणं पूर्ण करणार? आणि मधेच नवीन व्हर्जन आलं तर?"

बोलणं बंद केलं त्याच्याशी. मग त्याने डब्यातून बिर्याणी काढली, म्हणून चालू केलं.

१० नोव्हेंबर

नवीन व्हर्जनने घोटाळा केलाय! झांज दाबून टाकली. आधी कशी किणकिण करत लांब जायची. आता घोंगडीत गुंडाळून वाजवल्यासारखी. वाजते आणि लगेच मरते. मी बारीक आवाजाची खुंटी वर केली. अजून वर केली. जरा जीव आला.

एहसान गादीवर उठून बसला. "कानात सुई घालतो का रे?"

ह्याला काय कळतंय! पॅकिंगला कामाला. दिवसभर खोके चिकटवतो. आवाजातलं ह्याला फक्त कुकरची शिट्टी कळते, ती पण भूक लागली असेल तर.

मग खालून घरमालकीण सुमनताई. "नवनाथ! त्ये काय चिरकतंय रं? बंद कर बाबा, माज्या दातात कळ आली!"

ताईंना वर-खाली दोन्हीकडे कवळी आहे. कळ येते कुठे?

११ नोव्हेंबर

जुनं व्हर्जन परत टाकून बघितलं. ते पण बसकं वाजतंय! नव्याची संगत लागली वाटतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झांज नव्याने रेकॉर्ड केली. सुमनताईंच्या भजनी मंडळातली मागून आणली. त्यांनी आधी विचारलं, "डीजेला देनार न्हाईस ना?" म्हणलं, नाही ताई, अभ्यासाला. हे खोटं नाही. अर्धंच खोटं.

टेबल हलतं आणि माईकमध्ये घर्रघर्र येते. मग कंपनीत कानात घालायला भगवे मऊ बुच मिळतात ना, ते माईकच्या पायाखाली लावले. घर्रघर्र गायब! एहसान म्हणाला, "अरे ते कानात घालायचे असतात." मी म्हणलं, कानात घातले तर मशीनचा ताल कसा ऐकणार? प्रेसच्या धाड-धाडवरच तर मी हे गाणं बसवलंय. तो म्हणाला, "मग तुझ्या गाण्यावर नाचायला आधी वेल्डिंगचे बूट घालावे लागतील."

एवढं करूनही झांज मेलेलीच. हेडफोन बदलला. वायर बदलली. खुंटी अजून वर.

आईचा फोन आला होता. म्हणाली, ओरडतोस कशाला? मी ओरडत नव्हतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अजून एक व्हर्जन! एवढ्या लवकर! त्यांना पण झांजेचा पत्ता लागला असणार. एहसानकडे न बघताच टाकलं.

ह्यात नवीन म्हणजे आवाजाचं चित्र. वाजवलं की रंगीत पट्टी सरकते. खाली जाड आवाज, हलगी-ढोलचे. वर बारीक, झांजेचे. जितका जोर तितका पिवळा रंग. बघत बसलो तास तास. एखाद्या बाईच्या साडीचा काठ असावा तसं दिसतं.

आणि मग सापडलं! एकटी झांज वाजवली. मला ऐकू येतंय नुसतं "खट्". पण चित्रात वरच्या बाजूला पिवळाजर्द लांबलचक पट्टा, "खट्" संपल्यावरही चाललाच आहे. आवाजच नाही तिथे रंग कुठून आला?

किडा! माझा स्वतःचा किडा! त्या लोकांना सांगायची जागा असते, कुणीही सांगू शकतं. मोबाईलकडून इंग्रजी करून घेतलं — "तुमच्या नवीन आवृत्तीत नसलेला आवाज दिसतो." खाली नाव टाकलं, गाव टाकलं. मोशी. झांजेची फाईल पण जोडली, पुरावा म्हणून.

एहसानला सांगितलं की जगात हे पहिल्यांदा मी पकडलंय. त्याने चहा पाजला. टोमणा न मारता! म्हणजे तोही दबला.

२१ नोव्हेंबर

सारखा लपून मोबाईल बघतोय, उत्तर नाही. सुपरवायझरने विचारलं, सारखा बाथरूमला का जातोस, पोट बिघडलंय का? हो म्हणलं.

२२ नोव्हेंबर

उत्तर आलं. कुठल्या थंड देशातला माणूस आहे, नावात दोन ठिपकेवाली अक्षरं. बोलायला नम्र. मोबाईलने मराठी केलं ते असं —

"फाईलबद्दल आभार. चित्र बरोबर आहे. आवाज तिथे आहे. मी ऐकला, फार तीक्ष्ण आहे, माझं मांजर पळालं. कृपया दुसऱ्या माणसाला ऐकवून पाहा. हा किडा नाही." आणि खाली शिक्का — बंद.

बंद म्हणे! मी गाणं करणारा, मला ऐकू येत नाही आणि ह्यांच्या मांजराला येतं!

२३ नोव्हेंबर

पट्टेवाल्यात नुसता एकच सूर वाजवता येतो, हवा तितका बारीक. म्हणलं, होऊन जाऊ दे. एहसानला समोर बसवलं. ऐकू येतंय तोवर बोट वर ठेव. मी पण वर ठेवतो.

जाड सूर. दोघांची बोटं वर. थोडा बारीक. दोघांची वर. अजून बारीक. आवाज बंद झाला, मी बोट खाली घेतलं. एहसानचं वरच.

"संपलं की," मी म्हणलं.

"वाजतंय."

"नाटकं नको करू."

"अरे वाजतंय यार! शिट्टीसारखं. आता पण. आता पण."

हा माणूस मागे एकदा शिफ्ट बदलली म्हणून खोटं सांगून मला पहाटे बसस्टॉपवर उभं करून आलेला आहे. ह्याच्या बोटावर कोण विश्वास ठेवणार? पाठ फिरवून बसवलं. तरी वरच. हसत पण नव्हता. तेच आवडलं नाही मला.

मग सुमनताईंना वर बोलावलं. साठीच्या पुढे गेलेली बाई. जिना चढून दमल्या, बसल्या. म्हणलं, ताई, काही ऐकू येतंय का? खोलीत एकदम शांत होतं. माझ्यासाठी.

"व्हय की. किर्रर्र वाजतंय. कवाधरनं वाजतंय. तुला न्हाई येत व्हय?"

मी बंद केलं.

ताई म्हणाल्या, "आरं बाबा, मळ झाला आसंल. त्याल टाक कोमट करून." आणि खरंच जाऊन वाटीत तेल घेऊन परत वर आल्या. गुडघे दुखतात त्यांचे.

२४ नोव्हेंबर

आज प्रेसवर बुच घालून उभा राहिलो. माईक टेबलावर आडवा पडलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पिंपरीला सरकारी दवाखान्यात गेलो. एहसानला म्हणलं, एकटा जातो. आला तरी.

काचेच्या खोलीत बसवतात. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी सगळं लक्ष लावून बसलो. मग कितीतरी वेळ काही आलंच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. काचेतून बाई माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा कळलं. शेवटी अंदाजाने दाबायला लागलो, तर बाई आत येऊन म्हणाल्या, "दादा, ही लॉटरी नाही."

डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. रेघ सरळ चाललेली, आणि बारीक सुरांपाशी विहिरीत उडी मारलेली. मळ नाही. तेलाचा उपयोग नाही. आतली नस. मोठ्या आवाजाने जाते, हळूहळू, दुखत पण नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखता येतं.

"किती वर्षं आहात प्रेसवर?"

"चौथं चालू आहे."

"कंपनी प्लग देत नाही?"

"देते की."

"मग वापरत नव्हतात?"

"वापरत होतो," मी म्हणलं. "माईकखाली."

बाईंना समजलं नाही. एहसानने तोंड फिरवलं. हसतोय वाटलं. हसत नव्हता.

बाहेर आल्यावर त्याने वडापाव घेतला. मी विचारलं, मिक्सरवाला होता येईल का रे? तो म्हणाला, "का नाही? मी आहे ना." खोके चिकटवणारा!

३० नोव्हेंबर

एहसानच्या कानाने गाणं करतोय. मी खुंटी फिरवतो, तो हुकूम सोडतो. "खाली. अजून खाली. टोचतंय. हां. थांब. आता झांजच गेली." नवाब झालाय. मधेच चहा मागतो. म्हणे कलाकाराला लागतो.

झांज खाली आणली तसं चित्रातलं पिवळं निवळलं. मला तर आता "खट्" पण नीट येत नाही. एहसान म्हणाला, "आता मस्त. लांब जाते. किणकिण." मी विचारलं, किती लांब? त्याने हात वर केला आणि झांज विझेपर्यंत हळूहळू खाली आणला. मी हाताकडे बघत राहिलो. बरीच लांब जाते!

हलगी मात्र अजून माझी आहे. पूर्ण ऐकू येते.

ठिपकेवाल्या माणसाला लिहून टाकलं — तुमचं बरोबर होतं. किडा माझ्याकडे होता. मांजराला सॉरी सांगा.

२ डिसेंबर

नवीन व्हर्जन आलंय. बघितलं, टाकलं नाही. आधी गाणं संपवलं. संपलं! एहसानने मोबाईलवर माझा फोटो काढला, म्हणे पुरावा पाहिजे.

४ डिसेंबर, गुरुवार

ज्योतीरामभाऊंनी गाडीच्या मोठ्या बॉक्सवर ऐकलं. एहसानच्या कानाने केलेलं. गाडीवरची पोरं माना डोलवत होती. भाऊंचं तोंड वाकडं. "मेल्यावानी वाजतंय रं. झांज कुठं हाय ह्याच्यात?"

माझ्याकडे जुनं पण होतं, सुईवालं. लावलं. भाऊंनी डोळे मिटले. "हां! ह्याला म्हनत्यात साफ! गड्या, तू उद्यापासनं मिक्सरवर!"

मागे पोरं कानात बोटं घालून उभी होती.

हो म्हणायला किती दिवस तोंड शिवशिवत होतं. म्हणलं, भाऊ, ते मागनं बघू. आधी माझ्यासंगं पिंपरीला दवाखान्यात चला.