फक्की न पडलेली जागा

देवळी,
बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय कवडूभाऊजी,

नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, नातीची परीक्षा जवळ आली असेल आणि पुलगावात पाणी अजून एक दिवसाआड येत असेल, असं धरून चालते. तुम्ही माझा फोन उचलत नाही. यांच्या तेरवीपासून उचललेला नाही. म्हणून हे पत्र. माझं अक्षर दिसताच तुम्ही पाकीट टीव्हीमागे खोचून ठेवाल, हेही ठाऊक आहे. त्यासाठी वरचा पत्ता शेजारच्या नलूकडून लिहून घेतला.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या की पत्रात मुद्दा आधी लिहावा. आज ते जमणार नाही. आधी बातमी घ्या.

आमच्या कॉलनीमागच्या पडीत जागेवर बगीचा होतो आहे. तीच जागा, जिथून पांदण धरून आपण सगळे शेतात जायचो. आजकाल बगीचासुद्धा लोकांना विचारून करतात. त्यासाठी नागपूरहून नंदिनी नावाची आर्किटेक्ट मुलगी आली. लोकांना कागदावरचा नकाशा कळत नाही, म्हणाली. मी नोकरीभर भूमी अभिलेख कार्यालयात नकाशेच काढले. मी तिला म्हटलं, "बाई, लोकांना नकाशा चांगला कळतो. आपला बांध कुठं आहे तेवढाच कळतो, इतकंच." ती हसली आणि तिने मैदान आखायच्या चुन्याच्या फक्कीची पोती आणवली. ज्याला जे हवं ते त्याने जमिनीवरच आखायचं.

पहिल्या रविवारी पुरुष आले. त्यांनी चालायचा रस्ता आखला, मग बसायच्या जागा आखल्या आणि तिथंच बसले. देऊळ की विहार, यावरून बराच वेळ वाजलं. शेवटी दोन्ही पुसून व्यायामाची यंत्रं आली. ती दोन्ही बाजूंपैकी कोणीच वापरणार नाही.

दुसऱ्या रविवारी बायका. वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या पाच जणी पुढे झाल्या. एकीने झोपाळे आखायचे, एकीने फुलझाडं, एकीने सावलीची झाडं, अशी वाटणी. त्यातल्या काही एकमेकींना ओळखतही नव्हत्या. एकीचं झालं की दुसरी जायची.

सगळं आटोपल्यावर नंदिनी पाण्याच्या टाकीवर चढली, वरून फोटो काढला आणि खाली येऊन मला दाखवला. सगळीकडे पांढऱ्या रेघा. मधे, बाभळीच्या जरा उजवीकडे, खाटेएवढी काळी जमीन. पाचही जणींच्या रेघा तिथवर येऊन वळल्या होत्या.

"काकू, इथं काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. माझ्या माहितीतल्या एकाही नकाशात तिथं काही नाही. विहीर नाही, समाधी नाही, कोणाची वहिवाट नाही.

झोपाळे जिजाबाईकडे होते. तुम्ही तिला ओळखता, डोमाजीची बायको, आपल्याकडे कापूस वेचायला यायची ती. मी तिला तिच्याच बोलीत विचारलं, "काऊन वो जिजाबाई, तिथंच येऊन फक्की संपली का?"

"नाई जी बाई. मुठीत होती न. मूठच उघडून नाई राह्यली."

मी म्हटलं, तुला म्हातारचळ लागला आहे. ती म्हणाली, "मंग तुमीच टाकून पाहा."

मी टाकून पाहिली नाही. मला घरी कामं होती.

चीड येते ती यापुढची. मोकळी जागा दिसली की या लोकांना संडास आठवतो. पक्का आराखडा आला, त्यात नेमकं त्या खाटेएवढ्या तुकड्यावर संडासाची टाकी. ठेकेदाराचा माणूस प्रफुल मला समजावतो, "मॅडम, बायांनी तिथं काहीच मांगलं नाई. म्हंजे कोणाले तरास नाई." लोकांना विचारलं, लोकांनी उत्तर दिलं, आणि यांना ते उत्तर दिसलंच नाही, कारण ते पांढऱ्या रंगात नव्हतं.

प्रफुलने तिथं चार खुंट्या ठोकल्या. सकाळी त्या उपटून एकीशेजारी एक निजवलेल्या होत्या. त्याने पुन्हा ठोकल्या, पुन्हा तेच. त्याचा संशय माझ्यावर आहे. मी उपटल्या नाहीत. जिजाबाई म्हणते, तिनेही नाही. माझा आम्हा दोघींवर विश्वास आहे. इकडे वाऱ्याने फक्की पसरून अख्खं मैदान भुरकट झालं आहे, आणि तेवढाच तुकडा ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा काळा.

मग मी त्या पाचही जणींच्या घरी गेले. नाव सह्यांचं केलं. खरं म्हणजे त्यांच्यात सारखं काय आहे ते मला बघायचं होतं. जात सारखी नाही. गल्ली नाही. वयही नाही, सगळ्यात धाकटी तिशीतली आहे.

जिजाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, "लेकरं किती तुला?"

"तीन." दोन शेंगा सोलून झाल्या. "पह्यली धरली तं चार. बाराव्याच्या आंधीच गेली. हे अन् मामंजी घेऊन गेलते. मले नाई दाखवली जागा. मायले दाखवतच नाई न."

डोमाजी तिथंच खाटेवर होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आता कोणाले याद हाय बाई," आणि बैलाला पाणी पाजायला उठून गेला. बैलासमोर पाण्याची बादली भरलेलीच होती.

उरलेल्या चारही घरी तेच निघालं. प्रत्येकीचं एक तान्हं गेलेलं, प्रत्येकीचं घरच्या पुरुषांनी नेलेलं, आणि एकीलाही जागा ठाऊक नाही.

जिजाबाईकडून मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली होती. "तिथं उभी राह्यली का पान्हा फुटते जी. या वयात. हासू नका."

मी हसले नाही.

भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, तुमचं नाव कवडू का? सासूबाईंनी सांगितलं, तुमच्या आधीची दोन गेली. तुम्ही तरी राहावं म्हणून तुम्हाला सुईणीला देऊन टाकलं आणि एक कवडी मोजून परत घेतलं. ती दोघं कुठं आहेत, ते त्यांनी सांगितलं नाही. आता वाटतं, त्यांनाही माहीत नसावं. तरी शेतात जाताना त्या बाभळीपाशी पांदण सोडायच्या आणि वळसा घालायच्या. आपण त्यांना हसायचो. मग एका पोळ्यानंतर तुम्ही हसायचं थांबलात.

तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. हे उंबऱ्यात बसले ते उठेचनात. म्हणून सासूबाईंनी तिला तुमच्या हातात दिलं, पिवळ्या दुपट्ट्यात गुंडाळून. तुम्ही गोपालकाकांसोबत गेलात, परत आलात, विहिरीवर पाय धुतले. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोललात ते माझ्या पायांकडे बघून. मी आतून विचारलं होतं, "कुठं?" उत्तर सासूबाईंनी दिलं, "मायनं इचारू नाई. माय मंग तिथंच जाऊन बसते."

वर लिहिलं आहे की मी फक्की टाकून पाहिली नाही. ते खोटं आहे. भर दुपारी गेले, कोणी नव्हतं. मूठ उघडली नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवायला गेले, तर तेही सुटेना. मग ब्लाउज ओला झाला. मी अडुसष्ट वर्षांची आहे, भाऊजी. घाम असेल म्हणून घरी येऊन वास घेऊन पाहिला. घाम नव्हता.

सोमवारी जेसीबी येणार आहे. काम थांबवायला कारण लिहून द्यावं लागतं. आम्हा सहा म्हाताऱ्या-तरण्यांच्या पान्ह्याला कोणी कारण म्हणणार नाही. पण एखाद्या पुरुषाने येऊन सांगितलं, की इथं मी माझ्या हाताने पुरलं आहे, तर मशीन तिथंच बंद होतं. मी अशाच कचेरीत आयुष्य काढलं आहे, मला माहीत आहे. ज्यांना जागा माहीत होती त्यातले बरेच गेले, गोपालकाकाही गेले, डोमाजी बोलत नाही. तुम्ही उरलात.

रविवारी या. पुलगावहून बस आहे. मी काहीही विचारणार नाही, मैदानाच्या फाटकाशी उभी राहीन. तुम्ही आत चालत जा आणि जिथं थांबायचं तिथं थांबा. जागा दुसरीच निघाली, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. त्या पाच जणींसाठी मी एकटी भांडेन. आणि तीच निघाली, तर मागे वळून एकदा माझ्या तोंडाकडे बघा. मी समजेन.

घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
आणि जिचं बारसं व्हायचं राहिलं, तिची आई,
जया