तुमच्या हाताची निब

नाही बाबा, ते मी अजूनही मान्य करत नाही. एक दिवस पोराले पेन शाळेत नेऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? बोरी अरबच्या बाजारात पाल टाकून तुम्ही गावोगावच्या लोकाइचे पेन दुरुस्त करायचे, आणि स्वतःच्या त्या जाड्या हिरव्या पेनाले मले हात लावू देत नव्हते. "दुसऱ्याच्या हातात गेली का निब बिघडते," म्हणायचे. "मंग लोकाइचे पेन तुम्ही कायले हातात घेता?" असं मी विचारलं की आई चुलीपाशी हसायची. तुम्ही नाही.

तुमची बाजारातली रीत मात्र मले भारी आवडायची. नवी निब बसवली की ती गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे काचेच्या तुकड्यावर घासून द्यायची, आणि त्याआधी त्याले लिहायला लावायचं. जो तो आपलं नाव लिहायला जायचा. तुम्ही थांबवायचे. "नाव नको लिहू बापा. नाव सगळेच सजवून लिहितात. घरी काय न्याचं हाय ते लिही." मग तो गूळ, मीठ, पोरीची चप्पल असं लिहायचा, आणि तुम्ही कागद सोडून त्याच्या मनगटाकडे पाहत बसायचे. एक म्हातारे तर पेन घेऊन गेले आणि अर्ध्या बाजारातून परत आले. "तो कागद दे गा, काय न्याचं तेच भुललो!" त्या दिवशी तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागेवर मोबाइलचे कव्हर विकणारा बसतो. मी पुण्यात टिकलो नाही, सुरतेत टिकलो नाही, सध्या मोरबीत टाइल्सच्या पेट्या भरून राह्यलो. तुमचं पेन माझ्याजवळ आहे, पण माझ्या हातात ते नुसतं खरडायचं. इथं दुकानात निब मागितली तर त्यानं जेल पेनांचा डबाच पुढं सरकवला. म्हटलं, आपणच घासू. गुळगुळीत टाइलचा तुकडा आणला, शाई भरली, आणि तुमची रीत मोडू नये म्हणून आधी लिहायला बसलो, घरी काय न्यायचं ते. आईच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे, ते आठवलं. 'आईचा चष्मा' लिहिता लिहिता हात आपोआप तिरपा झाला, अंगठा वर, अगदी तुमच्यासारखा, आणि पेन सरसर चालायला लागलं. लिहून लिहून तुम्ही निब एकाच बाजूनं झिजवली होती. घासली असती तर तिच्यातला तुमचा हातच निघून गेला असता. त्या टाइलवर आता मी चहाचा कप ठेवतो.

हे पत्रही तसंच तिरपं लिहून राह्यलो. काल खोलीतला महागावचा पोट्टा सहीसाठी पेन मागत होता. "नाही बे, निब बिघडते," मी म्हटलं.

"कोण म्हणते?"

"बाबा."

तरी मले एक दिवस द्यायलाच पाह्यजे होतं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, पेनासोबत माझ्या पेटीत राहील. फोनवरून जातील ते फक्त आईच्या चष्म्याचे दोन हजार रुपये.