अकरा पेंगलेले गणपती

काका, आमचे हे आत झोपलेत आणि आवाज न करता होणारं एकही काम मला येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मिक्सर लावायचा नाही, भांडी घासायची नाहीत, टीव्ही नाही, आणि फोन तर नाहीच, कारण माझं फोनवरचं बोलणं रोहा स्टेशनात ऐकू येतं असं पोरगी म्हणते. तिची जुनी वही सापडली, मागची पानं कोरी होती. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा वेलांटी इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या. तुम्ही माझे अकरा गणपती सांभाळून घेतलेत, त्यापुढे वेलांटी काय.

तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी कारखान्याच्या दारात पाय टाकला की मला अजून तुम्ही तिथे उभे दिसता. सोळाव्या वर्षी मी पेणला तुमच्या गणपतीच्या कारखान्यात लागले. बाकीच्या कारखान्यांत मालक विचारायचे, उशीर का झाला, डबा आणलास का, काल किती नग झाले. तुम्ही दारात उभे राहून प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचात आणि एकच शब्द विचारायचात, "झोप?" झाली म्हणणाऱ्याला ब्रश. नाही म्हणणाऱ्याला पॉलिश पेपर, जा, दिवसभर मूर्ती घासत बस. त्यात शिक्षा नव्हती, ओरडणं नव्हतं. ज्याची झोप झाली नाही त्याने डोळ्यांना हात लावायचा नाही, एवढाच नियम. डोळ्यांची आखणी सकाळी ऊन आत येतं तेव्हापासून जेवणापर्यंत. जेवण झालं की सगळ्यांनी अर्धा तास आडवं व्हायचं, तुम्ही स्वतः शाडूच्या गोणींवर. दारात गिऱ्हाईक टेम्पो घेऊन उभं असलं तरी. एकदा एक पुण्याचा शेठ चिडून म्हणाला, अहो काका, मला घाट चढून जायचंय. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "गिऱ्हाईक थांबतं. झोप थांबत नाय."

तुम्ही म्हणायचात, प्रत्येकाच्या अंगात एक कोंबडा असतो. तो उजेडावर चालतो. उजेड दिसला की उठवतो, काळोख झाला की गप बसतो. त्याला रात्रीचा ट्यूबलाइट दाखवलास तर तो गोंधळतो, मग कधीपण आरवतो आणि माणसाला धड जागं नाही, धड झोप नाही. आम्ही पोरी हसायचो. एक तर तुमच्या पाठीमागे कुकुचकू करायची. ती मीच होते, आता सांगायला हरकत नाही.

मग ती हळद आली. कोलाडला माझ्या मावसबहिणीची हळद, आम्ही उजाडेपर्यंत नाचलो. सकाळची एसटी पकडून तशीच पेणला आले, कपाळाची हळद वडखळला नळावर धुतली. तुम्ही विचारलंत, "झोप?" मी म्हटलं, झाली. तुम्ही जरा जास्त वेळ बघितलंत, पण ब्रश दिलात. त्या सकाळी मला वाटत होतं माझा हात आज पाण्यासारखा चाललाय. अकरा मूर्तींचे डोळे काढले. जेवणाआधी तुम्ही त्या अकराही मूर्ती फळीवर ओळीने मांडल्यात, तोंडं माझ्याकडे करून.

"काय दिसतंय गो?"

"गणपती."

"काय करतायत?"

मी नीट बघितलं. अकराच्या अकरा मूर्तींच्या पापण्या खाली आलेल्या. बुबुळं अर्धी झाकलेली. पहिल्यापेक्षा दुसरा जास्त, आणि अकरावा तर आता सोंडेवरच डोकं टेकतो की काय असा.

"पेंगतायत," मी म्हटलं.

सगळा कारखाना हसला. रंगाचा फवारा मारणारा तर खाली बसला हसून. तुम्ही नाही हसलात. तुम्ही म्हणालात, "तू खोटं बोललीस. त्यांनी खरं सांगितलं." आणि मग म्हणालात, "लोकं दहा दिवस यांच्यासमोर टाळ्या वाजवणार, गाऱ्हाणी घालणार. ऐकणारा जागा नको?"

मला वाटलं आता घरी पाठवणार. तुम्ही स्वतःच्या गोणी झटकल्यात आणि म्हणालात, पड. सगळ्यांच्या देखत. मी रडत रडत पडले आणि रडणं संपायच्या आत झोपले. उठले तर दिवेलागणीची वेळ, अंगावर कुणीतरी मूर्ती झाकायची चादर टाकलेली. दुसऱ्या दिवशी अकरा मूर्तींच्या डोळ्यांवर पांढरा रंग मारून मी डोळे परत काढले. त्यानंतर लग्न होईपर्यंत माझा एकही गणपती पेंगला नाही.

लग्न रोह्याला ठरलं. मुलगा कंपनीत, केमिकलच्या, शिफ्टला. लग्नात हंडे आले, कळश्या आल्या, दोन दोन पंखे आले. तुम्ही काय आणलंत, तर सावरीच्या कापसाची उशी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कापूस स्वतः वेचलेला, खोळ काकूंनी शिवलेली. माझी सासू सगळ्या बायकांत म्हणाली, "सुनेला काय झोपायला पाठवलंय काय आमच्याकडं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचा एवढा राग आला, काका. ती उशी मी माळ्यावर ट्रंकेत टाकली. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, उशी कशी आहे. मी म्हटलं, छान झोप लागते. हे दुसरं खोटं. ते पकडायला तुमच्याकडे माझ्या हातच्या मूर्ती नव्हत्या.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगते, लांबवत नाही. यांची शिफ्ट आठवड्याला बदलते. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. तुमच्या भाषेत, दर सोमवारी कोंबडा बदलायचा. असला कोंबडा कापून खायच्याच लायकीचा. आणि दिवसा झोपलेल्या माणसाला आमच्याकडे झोपलेला धरत नाहीत, घरात असलेला धरतात. हे रात्रपाळी करून यायचे, आडवे व्हायचे, की सगळं गाव यायचं. कुणाचा फॉर्म भरायचाय, कुणाला सिलेंडर उचलून हवाय. आणि सगळ्यांत जास्त उठवायचं कोण? मी. डबा वरच्या फळीवर आहे, उठा. पंप चालत नाही, उठा. एकदा तर झोपलेल्या माणसाला हलवून विचारलं, भाजी कसली करू? ते म्हणाले, भेंडी. मी वांगी केली. ज्या बाईला तुम्ही झोपेचा धर्म शिकवलात तिने हे केलं. शिकलेलं मी पेणला ठेवून आले होते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीचा चौथा दिवस. आदल्या दिवशी माझा भाऊ पेणहून आला. "दाजी झोपलेत? अगो उठव की, सूर्य डोक्यावर आलाय." मी उठवलं. दोन तास चहा आणि गप्पा. भाऊ गेला तर नळाखालचं पिंप हलवायला परत उठवलं. त्या रात्री हे कामावर गेले आणि सकाळी येताना गाडी चालवता चालवता डोळा लागला. मोटरसायकल रस्ता सोडून वालाच्या शेतात. शेतात एक म्हातारी शेंगा तोडत होती, ती आधी ओरडली, "अरं बाबा, माझं वाल!" मग हे उठत नाहीत बघून धावत आली. यांना काही झालं नव्हतं, नडगी सोलली होती. हे म्हणतात, मऊ लागलं म्हणून दोन मिनिटं तसाच पडून राहिलो. म्हातारीने पाणी पाजलं आणि वर ओटीभर शेंगा दिल्या.

घरी आले तर कपड्यांना चिखल, हेल्मेटवर वेल, हातात शेंगा. मी आधी कपड्यांवरून बोलले. मग शेंगा घ्यायला गेले तर त्यांच्या हातातून सुटेनात, हे उभ्या उभ्याच पेंगत होते. तेव्हा मी त्यांना धरून खाली बसवलं. काका, तोच रस्ता पुढे कोलाडला हायवेला लागतो. तिथे वाल नाहीत, ट्रेलर आहेत.

दुसऱ्या दिवशी यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. तिने यांना विचारलं, किती तास झोपता? हे म्हणाले, सात. मी म्हटलं, खोटं, तीन. मग ती म्हणाली, शरीरात एक घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. मी म्हटलं, "घड्याळ नाय गो बाई, कोंबडा." ती हसली, पण मग तिने जे जे सांगितलं ते सगळं मी तुमच्या दारात ऐकलेलं होतं. रात्रपाळी करून येताना डोळ्यांना ऊन लागू देऊ नका, काळा चष्मा लावा. गाडी चालवू नका, कंपनीच्या बसने या. खोलीत काळोख करा. मोबाइल बाहेर. रात्री कामावर जायच्या आधी तासभर पडा. शेवटी तिने विचारलं, "दिवसा यांना उठवतं कोण?"

हे वर पंख्याकडे बघायला लागले. पंचवीस वर्षं उठवलं मी या माणसाला, आणि तो पंख्याकडे बघतोय, माझं नाव घेत नाही.

"मी," मी म्हटलं.

मग मी कामाला लागले आणि तुम्हाला माहीत आहे, मी कामाला लागले की बघायला नको. मुलं मोठी झाल्यापासून सीझनला मी परत तुमच्या कारखान्यात येते, आता तुमची सूनबाई सगळं बघते. तिच्याकडून मूर्ती झाकायचं काळं प्लास्टिक आणलं आणि खिडकीला ठोकलं. बेलची वायर काढली. एका फळीवर रंगाने लिहून दाराला टांगलं, "आत रात्रपाळीचा माणूस झोपला आहे. काम असेल तर चारनंतर या. नसेल तर येऊच नका." आणि वर दोन डोळे काढले. पापण्या खाली आलेल्या, बुबुळं अर्धी झाकलेली. अकराव्या गणपतीचे, अगदी तसेच. हात विसरला नव्हता. तुम्ही असतात तर या वेळी हसला असतात.

शेजारची वहिनी पहिल्याच दिवशी आली. "काय गो, आजारी हायत काय?"

"नाय, झोपलेत."

"दिवसाचे?"

"मग रात्रीचा तुझा नवरा जातो काय त्यांच्या जागेवर?"

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फळी मागायला आली, तिच्या मुलालाही रात्रपाळी लागली होती. आता आमच्या आळीत तीन दारांवर पेंगलेले डोळे आहेत. आमच्यांना काळ्या चष्म्यात बसमधून उतरताना बघून पोरं शिट्ट्या मारतात, हिरो आला म्हणून. यांनाही ते आवडतं, कबूल करत नाहीत. सगळं काही सुटलेलं नाही. शिफ्ट बदलली की दोन दिवस अजून कुरकुरतात, कोंबडा म्हातारा झालाय, लगेच ऐकत नाही. पण उभ्या उभ्या पेंगायचे थांबले. परवा संध्याकाळी उठून आले आणि कारण नसताना गाणं म्हणत होते.

उशी काढली मी माळ्यावरून. खोळ पिवळी पडलेली, कापूस तसाच. ऊन दाखवलं, झटकली तर घरभर कापसाच्या म्हाताऱ्या उडाल्या. यांच्या डोक्याखाली दिली. ते म्हणाले, छान आहे, कुठून आणलीस? मी म्हटलं, बाजारातून. पंचवीस वर्षं माळ्यावर होती असं सांगायला तोंड कुठे होतं?

आता एक राहिलंय, ते तुम्हालाच सांगते. हे रात्री गेले की मला झोप लागत नाही. बस पोचली असेल का, पाइपलाइन, वाफ, काय काय डोळ्यांसमोर येतं. आणि दिवसा मी दाराशी राखणीला. काल पेणला गेले. सूनबाई तुमच्यासारखीच दारात उभी असते. "झोप?" मी म्हटलं, झाली. आणि तिसऱ्या मूर्तीची पापणी खाली आली. कुणी बघायच्या आत मी तिच्यावर पांढरा रंग मारला आणि हळूच तिचं तोंड भिंतीकडे केलं. म्हणून आज कारखान्यात गेलेच नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. माळ्यावर त्या ट्रंकेत ठेवते, उशीची जागा रिकामी झालीच आहे. तुम्ही वाचणार नाही, तरी तुम्ही दारात उभे आहात असं धरून या वेळी खरं सांगते. झोप नाही झाली, काका. उद्या सूनबाईलाही हेच सांगणार आणि पॉलिश पेपर मागून घेणार. आत्ता दाराला फळी आहे, आणि यांनी उशीची एक बाजू मोकळी ठेवलेली दिसते. जाते, पडते.