साताचा रिपीट

नाना, आज वर्गात तुमची फार आठवण आली. एका पोरीने मोबाइल पुढे केला. लॉटरीचे जुने आकडे टाकले की पुढचा आकडा सांगणारं ॲप! "मॅडम, गणितच आहे, खरं असेल की." मी संख्याशास्त्र शिकवते, तिला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. पण स्क्रीनवरचे रंगीत चौकोन बघून मला हसूच फुटलं. म्हटलं, या लोकांनी आमच्या वडिलांचा कागद ढापला!

चादरींच्या कारखान्यात तुम्ही नक्षी काढायचात. चौकटीच्या कागदावर मोर रंगवायचा आणि त्यावरून मागासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ठरावीक धाग्यांनंतर तोच मोर परत येतो, त्याला तुम्ही रिपीट म्हणायचात. जगात रिपीट नसलेली वस्तूच नाही, असं तुमचं ठाम मत. अजून डोळ्यांपुढे येतं, रविवारची सकाळ आहे, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही तसल्याच कागदावर प्रत्येक सोडतीचा शेवटचा आकडा रंगवताय. साताला लाल. "सात लई दिवस आला न्हाय. आता येतोच बघ." महिन्याला एखादं तिकीट घ्यायचात तोवर कुणाची तक्रार नव्हती. पण त्या वर्षी दिवाळीचा अख्खा बोनस सातावर लावायचं ठरवलंत. त्याच बोनसमधून आईचं शिलाई मशीन यायचं होतं. आईने तव्यावरची भाकरी उलटली. भडकले मी. कॉलेजात नुकतीच संभाव्यता शिकत होते.

"नाना, सोडतीला मागचं काही आठवत नसतं."

"मग चादरीला कसं आठवतं?"

"चादरीची भोकं तुम्ही पाडता. सोडतीची कोण पाडतं?"

"तेच तर शोधतोय की!" हे म्हणताना तुम्ही इतके खूश होतात, की माझा राग आणखी वाढला.

पुढच्या रविवारी मी दोन रंगवलेले कागद तुमच्यापुढे ठेवले. म्हटलं, एक दुसऱ्या राज्याच्या लॉटरीचा आहे. दुसरा मी घरी भरलाय, डब्यात शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या टाकून, एकेक काढून, परत आत टाकून. लॉटरीचा कुठला ते ओळखा. ओळखलात तर बोनस तुमचा, चुकलात तर आईचा. तुम्ही चष्मा पुसलात, पट्टी घेतलीत, तासभर चौकोन मोजलेत. शेवटी डावीकडच्या कागदावर बोट ठेवलंत. "ह्यो लॉटरीचा. रिपीट घावला ह्यात!"

"हा माझ्या डब्यातला, नाना."

तुम्ही पट्टी बाजूला ठेवलीत. मग आईला म्हणालात, "घे तुजं मशीन." मी जिंकले होते, पण माणसाची रविवारची मजाच आपण मोडून टाकली, असं वाटलं.

पण तुम्ही कुठले रुसायला! दिवाळी झाल्यावर तोच कागद कारखान्यात नेलात आणि त्यातले चौकोन चादरीच्या काठाला घातलेत. "आकडे कुनाचे का असंनात, नक्षी झकास हाय." चादर खपलीही चांगली. रविवारचं रंगवणं आणि महिन्याचं तिकीट पुन्हा सुरू झालं. त्या दिवाळीच्या सोडतीत सात आला नव्हता. पुढे केव्हातरी आला, तेव्हा पेपर नाचवत माझ्याकडे आलात. "आला का न्हाय?" म्हटलं, दहात एकदा यायचाच. "व्हय व्हय, मास्तरीणबाई!" आई मशीनवर बसल्या बसल्या हसत होती. सुखाचे दिवस होते ते, नाना.

एकदाच तुम्ही मला विचारलंत, "आन् मी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं असतं तर गं?" मी म्हटलं, तर बोनस तुमचा होता. तुम्ही मान डोलावलीत आणि चहा प्यायलात.

या पत्राला पत्ता नाही म्हणून लिहायचं धाडस करते. नाना, दोन्ही कागद माझ्याच डब्यातले होते. एक खरंच लॉटरीचा ठेवला असता, तर तुमचा अंदाज बरोबर निघण्याची शक्यता निम्मी होती, आणि आईचं मशीन तेवढ्या नशिबावर सोडायची माझी छाती झाली नाही.